अर्ध्यावर ताट बदलायचं

दातांचा डॉक्टर वेगळा आणि दात करणारा वेगळा, ही साधी गोष्ट लोकांना कवळी लागेपर्यंत ठाऊक नसते, आणि कवळी लागल्यावरही ठाऊक नसते. डॉक्टर वरच्या मजल्यावर स्वच्छ खोलीत बसतात. ते तोंडाचं माप घेतात, धीर देतात आणि माप खाली पाठवतात. खाली जिन्याच्या पोटात एक माणूस बसलेला असतो. तो त्या मापात प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात उभा करतो, हिरडीचा गुलाबी रंग जमवतो आणि ज्याचं तोंड त्याने कधी पाहिलेलं नाही त्याचं हसू तयार करून वर पाठवून देतो. हसू नीट बसलं तर डॉक्टरांच्या हाताला यश आहे म्हणायचं. नाही बसलं तर खालच्याने घोळ घातला म्हणायचं. जगाची रीतच आहे, आपण कशाला डोकं फोडून घ्यायचं.

आपला माणूस हा खालचा. सगळे त्याला कवळीवाला म्हणत. साठीला टेकलेला, पाठीत जरा वाकलेला, नखांत प्लास्टर, भुवयांवर प्लास्टर. कुणी ओळखीचा भेटला तर आधी तोंडाकडे बघणार आणि मग डोळ्यांकडे. हात मात्र सोन्याचे होते. वरच्या डॉक्टरबाई भल्या होत्या, आणि त्या हे कबूलही करत.

पण अलीकडे हा माणूस थकला होता. एक झोप काढली की जातो तसा हा थकवा नव्हता. एका सकाळी त्याच्या बायकोची उजवी बाजू गेली, हात गेला, पाय गेला, तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला, आणि तेव्हापासून त्याचा दिवस तिच्यापासून सुरू व्हायचा आणि तिच्यापाशी संपायचा. सकाळी तिला धुवायचं, पुसायचं, कपडे घालायचे. मऊ शिजवलेलं आणखी मऊ कालवून चमच्याने भरवायचं. मग कामाला यायचं. दुपारी पुन्हा घरी, पुन्हा चमचा. घर दोन गल्ल्या सोडून होतं म्हणून जमत होतं इतकंच. लोक विचारत, कसं चाललंय, आणि तो म्हणे, चाललंय. खरं सांगायलाही अंगात जोर लागतो.

रात्री भरवून झालं की तो ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसायचा. मग अंगठ्याने तो ओघळलेला कोपरा वर उचलायचा आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सुरुवातीला दाखवलं होतं. पुढे त्यांनीच सांगितलं की आता याचा उपयोग नाही, सोडून द्या. याने सोडलं नाही. अंगठ्याखाली तो कोपरा वर आला की क्षणभर जुना चेहरा दिसायचा. बायको तेव्हा डोळे मिटून घ्यायची. तिला बरं वाटत असेल, असं त्याने स्वतःशीच ठरवून टाकलं होतं.

सगळ्या आठवड्यात त्याच्या वाट्याची एकच संध्याकाळ होती, गुरुवारची. गुरुवारी मेव्हणी यायची. ती जिभेने तिखट आणि हाताने मायाळू. दारातूनच म्हणायची, "जा भावोजी, बाहेर जाऊन चार घास खाऊन या. तुमचं तोंड बघून माझी बहीण आणखी आजारी पडेल." आणि तो शर्ट बदलून, केसांतलं प्लास्टर झटकून, शिट्टीला भेटायला जायचा.

शिट्टी म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. पुढच्या दोन दातांमध्ये चांगली रुंद फट होती आणि त्या फटीतून तो अशी शिट्टी घालायचा की मैदानाच्या त्या टोकाचे मास्तर वळून बघायचे. नाव तेव्हा पडलं ते कायमचं. मोठेपणी लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. आयुष्यभर इमारतींच्या काळोख्या बोगद्यात लोंबकळून तारांना तेल पाजलं, लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडला नाही, आणि निवृत्त झाल्यावर एका खोलीत एक खुर्ची आणि एक रेडिओ घेऊन राहिला. खाण्याचा शौक जबरदस्त. स्वयंपाक मात्र शून्य. अंडं उकडायचं म्हटलं तरी पातेलं जाळायचा.

या दोघांचा गुरुवार तरुणपणापासून चालत आलेला. नेम असा, की दोघांनी दोन वेगळे पदार्थ मागवायचे, आणि तेही आधी कधी न खाल्लेले. ताट अर्धं संपेपर्यंत चांगलं की वाईट, तोंडातून अक्षर काढायचं नाही. अर्ध्यावर ताटं बदलायची. बदलून दोन घास खाल्ले की मग काय ते बोलायचं. याचा उगम काही थोर नव्हता. पहिल्यांदा दोघे हॉटेलात गेले तेव्हा काय मागवावं यावरून इतकी हुज्जत घातली की वाढणारी बाई कंटाळून म्हणाली, दोन मागवा आणि अर्धं अर्धं खा. तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं.

त्यांनी काय काय खाल्लं नाही. निळ्या दाराच्या हॉटेलात खेकड्याचं सूप खाल्लं, त्यात सबंध खेकडा आणि सोबत हातोडी. शिट्टीने पहिल्याच दणक्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या केसांत नांगी उडवली होती. पंखा वाजणाऱ्या हॉटेलात काळा भात खाल्ला, त्याने दोघांचे ओठ, जिभा, दात शाईत बुडवल्यासारखे झाले, आणि तशा तोंडाने ते घरी आले तेव्हा बायको हसून हसून भिंतीला टेकली. कच्चा मासा डोळे मिटून खाल्ला. भाजलेलं बदक खाल्लं, वांग्यासारखं दिसणारं पण वांगं नसलेलं काहीतरी खाल्लं, आणि एकदा चक्क पानाफुलांची सजावटच खाल्ली, ती खायची नसते हे नंतर कळलं. तेव्हा बायकोही मधूनमधून सोबत यायची. ती आली की दोघांच्याही ताटातला सगळ्यात कुरकुरीत तुकडा तिचा, याबद्दल कुणाचं दुमत नसायचं.

आता ती येऊ शकत नव्हती. पण गुरुवारी तो घरी परतला की ती विचारायची, काय खाल्लं. बोलणं अर्धवट, ओढल्यासारखं यायचं, तरी हे दोन शब्द ती नीट जुळवायची. आणि तो पलंगाच्या कडेला बसून पहिल्या घासापासून सांगायचा. आवरण कसं होतं, आत काय निघालं, दाताखाली कसं वाजलं. ती घरात दिवसभर जे गिळत होती त्यात दाताखाली वाजण्यासारखं काही नव्हतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

मग शिट्टीचे दात गेले. एकदम नाही. एक हलला, एक पडला, दोन काढावे लागले, आणि पुढची फटवाली जोडी गेली तेव्हा त्याचं तोंड चंचीसारखं आवळलं गेलं. डॉक्टरबाईंनी उरलेले काढून माप घेतलं आणि माप खाली आलं. कवळीवाल्याने ते दोन्ही हातांनी धरलं. इतकी वर्षं अनोळखी तोंडं घडवली, हे पहिलं ओळखीचं.

मेणातली कवळी तयार झाली. मेणात नुसते दात उभे करून तोंडात बसवून बघतात, चावा बरोबर आला की मग पक्की करतात. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्याला मुद्दाम वर बोलावलं. सगळं जागच्या जागी होतं. वरचे दात खालच्यांवर अलगद टेकत होते, ओठ सहज मिटत होते. बाई खूश झाल्या. शिट्टीने आरसा हातात घेतला, इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाला, "छान. म्हातारा दिसतोय, पण छान."

ते वाक्य याच्या मनात रुतून बसलं. रात्री घरी बायकोच्या तोंडाचा कोपरा अंगठ्याने वर धरून बसला तेव्हाही ते तिथेच होतं. हा चेहरा आपल्या हातून परत येत नाही. पण तो दुसरा येईल की. तो तर आपल्याच टेबलावर मेणात पडलाय.

दुसऱ्या दिवशी त्याने जे केलं ते इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं. बाईंनी पसंत केलेले पुढचे दात मेणातून उपटले आणि लांब दात बसवले, तरुण माणसाचे. मधल्या दोघांत फट ठेवली, अगदी होती तेवढी. पुढचे लांब झाले म्हणून दाढा उंच केल्या. फार नाही, नखाच्या जाडीएवढ्या. गाल जरा भरलेले दिसतील, ओठ जरा वर येतील, बस. नखाच्या जाडीने तोंडात काय होतं हे या माणसाला जितकं ठाऊक होतं तितकं क्वचितच कुणाला असेल. तरी त्याने केलं. माणूस फार थकला की त्याला शहाणपणाचाही कंटाळा येतो.

कवळी बसवली तेव्हा डॉक्टरबाईंच्या कपाळाला जरा आठी पडली. तोंड भरल्यासारखं वाटतंय का, असं त्यांनी विचारलं. शेजारी उभा असलेला कवळीवाला पटकन म्हणाला की नवीन आहे, सवय होईल. बाईंचा त्याच्यावर विश्वास होता. आणि शिट्टी आरशात बघत राहिला. मग तो हसला, आणि खोलीत तो जुना शिट्टी उभा राहिला, मैदानावरचा, फटीसकट. कवळीवाल्याला इतका आनंद झाला की खाली येऊन तो जिन्याच्या पोटात एकटाच रडला.

पहिल्या गुरुवारी शिट्टीने सूप मागवलं. नवीन दात आहेत, सांभाळून घेतोय, ठीक. दुसऱ्या गुरुवारी कुस्करलेला बटाटा. पुढच्या गुरुवारी कस्टर्ड. जेवणाच्या वेळेला कस्टर्ड! मग तो म्हणू लागला की आपण कोपऱ्यावरच्या सूपवाल्या हॉटेलातच जाऊ या, तिथलं सूप बरं असतं. ज्या माणसाने खेकड्यावर हातोडी चालवली तो आता दर गुरुवारी त्याच एका हॉटेलात बसून वाटीत चमचा फिरवत होता. आणि अर्ध्यावर ताटं बदलायची वेळ आली की पोटावर हात ठेवून म्हणायचा, तूच खा, माझं झालं.

कवळीवाल्याच्या डोक्यात तिडीक जायची. घरी मऊ, इथेही मऊ. दिवसभर चमचा आणि वाटी बघायची, आणि गुरुवारी शर्ट बदलून पुन्हा समोर चमचा आणि वाटी. शिट्टी बोलतही कमी होता. बोलला की दात वाजायचे, कट् कट्, आणि तो आवाज ऐकू आला की कवळीवाला मान वळवून पाण्याचा ग्लास उचलायचा. तो आवाज कशाचा असतो हे त्याला चांगलं माहीत होतं. चावा उंच झाला की बोलताना दातावर दात आपटतात, हे तर शिकाऊ पोरालाही पहिल्या महिन्यात सांगतात. पण माहीत असणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं. त्याने मनावर घेतलं नाही, आणि सगळा राग मित्रावर काढला.

एका गुरुवारी ताट बदलायला शिट्टीने पुन्हा नाही म्हटलं तेव्हा तो फाडकन बोलला, की माझा कंटाळा आला असेल तर तसं सांग, एका संध्याकाळपुरता मी बाहेर पडतो, ती तरी नासवू नकोस. शिट्टीने डोळे मिटले आणि बटाट्याचा एक घास कसाबसा गिळला. पुढच्या गुरुवारी त्याचा निरोप आला, गुडघा दुखतोय. कवळीवाला घरातच बसला. मेव्हणीने विचारलं, काय हो, भांडलात की काय, तर तो उठून पाणी भरायला लागला. बायकोने नेहमीच्या वेळेला मान वळवून त्याच्याकडे बघितलं. काय खाल्लं, असं विचारायची वेळ झाली होती आणि विचारण्यासारखं काही नव्हतं. ती संध्याकाळ त्याला फार जड गेली. ही एक दोरीही आता सुटणार, असं त्याला स्पष्ट दिसलं, आणि ती सुटली तर आपण काय धरून राहायचं हे काही दिसेना.

त्याच्या पुढच्या गुरुवारी शिट्टी येतो म्हणाला. त्या दिवशी दुपारीच कवळ्या उकळायच्या भांड्याची कॉइल जळाली. काम थांबलं. कवळीवाल्याने दुकान लवकर बंद केलं आणि घरी न जाता सरळ कोपऱ्यावरच्या हॉटेलाकडे निघाला. ऊन अजून रस्त्यावर होतं. हॉटेलाची काच रस्त्याच्या बाजूला होती, आणि तो दारापाशी पोचायच्या आधीच त्याला आतलं दिसलं.

शिट्टी येऊन बसलेला होता. आत्ताच आलेला नव्हता, चांगला बराच वेळ आधीचा. त्याच्या पुढे सुपाची वाटी होती आणि तो पाव तोडून त्यात बुडवत होता, भिजेपर्यंत थांबत होता, आणि मग तोंडात टाकून नुसत्या हिरड्यांनी चघळत होता. गाल आत, हनुवटी वर, तोंड चंचीसारखं आवळलेलं. भूक लागलेल्या माणसासारखा तो भराभर खात होता. शेजारी कागदी रुमालावर कवळी ठेवलेली होती. वरचे दात, खालचे दात, मधली फट.

कवळीवाल्याचे पाय जागच्या जागी थांबले. आणि मग त्याला ती कवळी दिसली, म्हणजे कारागिराला दिसते तशी दिसली. ती कोरी होती. तिच्यावर चहाचा डाग नव्हता, दाढांवर घासल्याची एक खूण नव्हती, त्याने पॉलिशच्या चाकावर फिरवून दिली होती तशीच ती लखलखत होती. या दातांनी शिट्टी कधी पोटभर जेवलाच नव्हता. तो ते फक्त गुरुवारी घालत होता. फक्त त्याच्यासाठी. आधी येऊन पोट भरून घ्यायचं, मग दात घालून बसायचं, हसायचं, आणि मित्राचं समाधान होईपर्यंत ते दुखणं तोंडात धरून ठेवायचं.

आत जाऊन त्याला रंगेहाथ पकडावं असं क्षणभरही मनात आलं नाही. उलट याचीच मान खाली गेली. तो मागे वळला, कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला आणि काचेतल्या चपला बघत राहिला. मित्राला दात घालायला वेळ मिळायला हवा होता. दुकानदाराने दोनदा विचारलं, काय दाखवू. तिसऱ्यांदा विचारायच्या आत तो निघाला.

हॉटेलात शिरला तेव्हा शिट्टी ताठ बसला होता, वाटी गायब, तोंड भरलेलं, हसू तरुण. "ये," तो म्हणाला, आणि दात वाजले. कट्.

या वेळी कवळीवाल्याने ग्लास उचलला नाही. त्याने तळलेला मासा मागवला, जाड कुरकुरीत आवरणाचा, सोबत बटाट्याचे काप. शिट्टीने अर्थातच सूप. पदार्थ आले. दोघांनीही हात लावला नाही.

"काढ ते दात," कवळीवाला म्हणाला.

शिट्टी इकडेतिकडे बघत म्हणाला की चार लोकांत कसले दात काढायला लावतोस, खा गपचूप.

"माप बरोबर होतं. बाईंचं काही चुकलेलं नाही. मी वाढवले नंतर. पुढचे लांब केले, दाढा उंच केल्या. कुणाला न विचारता."

"माहीत आहे मला," शिट्टी म्हणाला.

कवळीवाल्याने खुर्ची पुढे ओढली.

"अरे, मेणाच्या वेळेला ही फट होती का? नव्हती. आरशात बघितलं तेव्हाच कळलं. ती फट तुझ्याशिवाय कुणाला आठवणार आहे? आई नाही, बाप नाही. मास्तरही गेले." तो बोलत होता आणि दात वाजत होते, आणि तरी तो थांबला नाही. "तू माझं तोंड मला परत आणून दिलंस. त्या दिवशी तू किती दिवसांनी हसला होतास, तुला तरी आठवतंय का? मग कोणत्या तोंडाने सांगू, की दुखतंय?"

कवळीवाल्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खालून माया वर आली. शेवटी त्याने वाढणाऱ्या बाईंना हाक मारली आणि मासा, काप, सूप, सगळं बांधून द्या म्हणून सांगितलं.

जिन्याच्या पोटातला दिवा लावला तेव्हा बाहेर अजून पुरता अंधार झाला नव्हता. फळीवर पांढऱ्या प्लास्टरची तोंडं ओळीने मांडलेली होती. शिट्टी स्टुलावर बसला. कवळीवाल्याने त्याच्या दातांमध्ये निळा कागद धरला आणि चाव म्हणाला. जिथे दात जोरात आपटतात तिथे कागदाचा निळा डाग उमटतो. दाढा सगळ्या निळ्या झाल्या.

त्याने मशीनला छोटा दगड लावला. घासायचा, धुवायचा, पुन्हा तोंडात, पुन्हा कागद. मध्ये हिरड्या बघितल्या तर दोन्ही बाजूंना लाल फोड. किती दुखत होतं, असं त्याने विचारलं. शिट्टी म्हणाला, "चावताना डोळे मिटून घ्यायचो. डोळे मिटले की चेहऱ्यावर दिसत नाही. तुला वाटायचं मी चवीने खातोय."

कवळीवाल्याचा हात मशीनवर थबकला. मग त्याने पुन्हा घासायला घेतलं.

दाढा उतरल्या तसे पुढचे दात आडवे येऊ लागले. ते लांब ठेवून चालणार नव्हतं. त्याने कवळी दिव्यासमोर धरली. त्याने मन लावून, चोरून, जपून बसवलेलं ते तरुण हसू आता दगडाखाली न्यायचं होतं. त्याने नेलं. पांढरी पूड हातावर पडत राहिली. शिट्टी म्हणाला की फट तेवढी राहू दे. तिच्यातून शिट्टी काही वाजत नाही, घरी वाजवून बघितली, नुसती थुंकी उडते, पण राहू दे.

शेवटचं घासून, धुऊन त्याने कवळी दिली. शिट्टीने ती बसवली आणि ओठ मिटले. ते सहज मिटले. गाल जरा बसले, नाकाखालच्या सुरकुत्या परत आल्या. समोर एक म्हातारा बसला होता. मेणाच्या दिवशी दिसला होता तोच, म्हातारा पण छान. कवळीवाल्याने त्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. इतके दिवस त्याने बघितलंच नव्हतं.

"हे आजच्या जेवणापुरतं," तो म्हणाला. "उद्या वर बाईंना सगळं सांगतो. पहिल्यापासून नवीन करायची, त्यांच्या मापाने."

"ओरडतील."

"ओरडू देत."

मग त्यांनी टेबलावरचं प्लास्टर बाजूला सारून पुडी सोडली. मासा गार झाला होता, पण आवरण अजून कडक होतं. शिट्टीने एक तुकडा तोडला, तोंडात घातला आणि चावला. करकर आवाज झाला. आवाज नुसता माशाचा होता, दातांचा नव्हता. तो थांबला. मग दुसरा तुकडा. डोळे उघडे होते. नेमाप्रमाणे कवळीवाल्याने सूप अर्धं प्यायचं आणि मग ताटं बदलायची होती. पण शिट्टी अर्ध्यावर थांबला नाही. त्याने बघितलंही नाही की अर्धं कधी झालं. मासा संपवला, काप संपवले, पुडीच्या कोपऱ्यातले तळलेले कण बोटाने टिपून खाल्ले. कवळीवाला गार सुपाचा डबा मांडीवर धरून बसला होता. भूक लागली होती, पाठ ठणकत होती, आणि तो हललाही नाही.

पुडीत काही उरलं नाही तेव्हा शिट्टी भानावर आला. "अरे, तुझं अर्धं."

"राहू दे. पुढच्या गुरुवारी घेईन."

घरी आला तेव्हा मेव्हणी बहिणीला भरवून, भांडी घासून निघायच्या तयारीत होती. आज परतायला उशीर झाला म्हणून चार शब्द सुनावून ती गेली. तो पलंगाच्या कडेला बसला आणि बायकोला कोमट दूध पाजलं.

"काय खाल्लं?" तिने विचारलं.

"आज मी काही नाही खाल्लं. सगळं त्याने खाल्लं. मासा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा." ती हसली, तिच्या एका बाजूने.

दूध ओघळलं होतं. त्याने ओल्या फडक्याने तोंड पुसलं आणि सवयीने अंगठा ओठाच्या त्या कोपऱ्याकडे गेला. अंगठा टेकला आणि तिने डोळे मिटले. त्याचा हात तिथेच थांबला. कितीतरी रात्री हे डोळे असेच मिटले होते.

"हे मी करतो ते," तो म्हणाला, "दुखतं का गं तुला?"

तिने डोळे उघडले.

"हो," ती म्हणाली.

त्याने अंगठा काढला. कोपरा खाली ओघळलेलाच राहिला आणि चेहरा होता तसा समोर होता. तिने डावा हात हळूहळू सरकवत आणला, त्याचा अंगठा मुठीत धरला आणि पांघरुणावर ठेवला. आपला हात तिने त्याच्यावर तसाच राहू दिला.

"आता सांग," ती म्हणाली.

मग शिट्टीने पहिला तुकडा कसा तोडला, तिथून त्याने सांगायला सुरुवात केली.